आबांच्या बारा गोण्या आणि घाटंजीचं पेव

मे महिन्यात यवतमाळला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, "का गं, महाबळेश्वर भरलं का?" बरोबरच होतं त्यांचं. साताऱ्याची माणसं उन्हाळ्यात वर घाटात जातात आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बापाला घेऊन विदर्भाच्या भट्टीत निघाले होते. पण खरं सांगते, लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी करायचे तशी मी पिशवी दोनदा भरून पुन्हा उपसली होती.

कारण होतं प्रल्हाद राठोडांचं पत्र. आमचे आबा फौजेत रसद खात्यात सुभेदार होते. म्हणजे बंदूक दुसऱ्यांची आणि पोट यांच्या ताब्यात. प्रल्हादकाका त्यांच्या हाताखाली हवालदार होते. निवृत्तीनंतर ते घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यावर परतले. बंजारा वस्तीला तांडाच म्हणतात तिकडे. कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. रोज पेपर उघडला की यवतमाळचं नाव, आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. अशात या गृहस्थांनी काय काढलं, तर तांड्याजवळचं पणजोबांच्या वेळचं पेव उकरून साफ केलं आणि त्यात ज्वारी भरली. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. भरली त्याला दीड वर्ष झालं होतं, मधे एक अख्खा पावसाळा गेला होता.

आता पत्रात लिहिलं होतं की अक्षय्य तृतीयेनंतर पेव उघडणार. तांड्याच्या नायकासमोर, म्हणजे प्रमुखासमोर, बोलणं ठरलंय: ज्वारी चांगली निघाली तर प्रत्येक घर यंदा एक एकर ज्वारी पेरणार. नाही निघाली तर प्रल्हाद पुन्हा ज्वारीचं नाव काढणार नाही, स्वतःच्या रानातही कापूसच लावील. शेवटची ओळ होती, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं आहे. पाहायला या."

तुम्ही सांगितलं तसंच! आबांनी पत्र तीनदा वाचायला लावलं. दीड वर्षापूर्वी प्रल्हादकाकांनी सल्ला विचारला होता आणि आबांनी मला बसवून उत्तर लिहून घेतलं होतं, कारण त्यांचा हात थरथरतो. "सुटं धान्य ठेवू नये. गोण्या भराव्यात, थप्पी लावावी, मोजदाद राहते." अक्षर माझं आणि हुकूम आबांचा.

मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना तलवारी आवडतात, मला चुली. एखादी फौज कुठे थांबली, का थांबली, परत का फिरली, हे शोधत गेलं की बहुतेक वेळा शेवटी धान्याच्या राशीपाशी येऊन पोचते मी. त्यामुळे एक फौजी, एक बंजारा तांडा आणि एक पेव! मला आवतणाची गरजच नव्हती.

महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याहून संध्याकाळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला सोडते. आमची दीड तास उशिरा पोचली. तुम्ही जाणार असाल तर आरक्षण महिनाभर आधी करा आणि खालचा बर्थ मागा. डब्यात आबांनी शेजारच्या दोन कुटुंबांना आपलं ठरलेलं वाक्य ऐकवून झालं, "तीस वर्षं रसद सांभाळली, माझ्या हातून एक दाणा नासला नाही." हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय. आईने तर लग्नाच्या मंडपात ऐकलं म्हणे, तेव्हा तीसच्या जागी तीन होतं.

वर्ध्याला फलाटावर उतरलो आणि गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडतो तसं झालं. एका हमालाने आबांकडे पाहिलं, स्वतःच्या खिशातला कांदा काढून त्यांच्या खिशात घातला आणि म्हणाला, "ठेवा बाबूजी, लू लागत नाही." पैसे घेतले नाहीत. मग मीही चार कांदे घेतले. डोक्याला ओला पंचा बांधायचा, सकाळी अकरानंतर रस्त्यावर दिसायचं नाही, एवढं पाळलं तर विदर्भाचा उन्हाळा सोसतो.

यवतमाळची एसटी कळंबवरून जाते. तिथे उतरलो ते चिंतामणीसाठी. हा गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आबांचे गुडघे कुरकुरत होते, पण खाली गारवा लागला आणि ते खूश झाले. "धान्य ठेवायला झकास जागा," देवासमोर उभं राहून म्हणाले. मी डोळे वटारले तर म्हणाले, "अगं, कौतुकच करतोय."

मुक्काम यवतमाळला, बसस्टँडजवळच्या लॉजवर. अडीचशे रुपयांत खोली आणि वाळ्याचा कुलर. जेवायला पाटवडीचा रस्सा, असा झणझणीत की आबांनी दोनदा नाक पुसलं आणि तिसऱ्यांदा वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची घाटंजीची बस धरली. दोन्ही बाजूंना काळं, नांगरून तापत ठेवलेलं रान. बांधाबांधाला पऱ्हाटीचे, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काटक्यांचे ढीग. इतकी सुंदर जमीन मी आयुष्यात पाहिलेली नाही. पलीकडच्या सीटवर एक शेतकरी होते, मांडीवर कपाशीच्या बियाण्याची पिशवी. मी विचारलं, "या रानात ज्वारी नाही लावत?"

"कोन लावते ताई?" ते हसले. "आमच्या बुढ्याच्या वक्ताले समदी जवारीच होती. आता एकट्यानं लावली तं पाखरं खाते, डुक्कर खाते, आन् उरलं तं आपन खाचं. साऱ्या गावानं लावली तं वाटून जाते नुकसान. पन साऱ्या गावाले सांगन कोन?"

घाटंजीला आठवडी बाजार होता. बियाण्याच्या दुकानापुढे गर्दी, आणि धान्याच्या ओळीत ज्वारीचा एकच ढीग, तोही बाहेरच्या जिल्ह्यातला. शेत असलेली माणसं पायलीने ज्वारी विकत घेत होती. आबांनी त्या ढिगातली मूठभर ज्वारी उचलून पाहिली. मग पासष्ट सालच्या लढाईतलं बोलले. "आम्ही सीमेवर होतो आणि देश बोटीतून येणाऱ्या गव्हाची वाट बघत होता. ज्याचा गहू, त्याची दमदाटी. तोफा होत्या गं आमच्याकडे, पण दुसऱ्याच्या पोळीवर किती दिवस भांडणार?" पुढे पंजाबात गहू उदंड झाला तेव्हा कोठारं भरलेली बघून आपली छाती आपोआप पुढे यायची, असंही म्हणाले. मला वर्गात चाळीस मिनिटं लागतात एवढं सांगायला.

तांड्यावर पोचलो दुपारी. रिक्षावाल्याने साठ रुपये घेतले आणि वाटेत आपल्या मेहुण्याच्या लग्नाची सगळी हकिगत फुकट दिली. प्रल्हादकाका दारात उभे होते, पांढऱ्या मिशा, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी असा कडक सलाम ठोकला की शेजारची शेळी दचकली.

"मले वाटलं नवतं साहेब, तुमी या उन्हात येसान म्हनून."

"तू हुकूम पाळलास, मी पाहायला नको?" आबा म्हणाले. प्रल्हादकाकांचा चेहरा किंचित पडल्यासारखा मला वाटला, पण मी ते उन्हावर ढकललं.

त्यांची आई, जिला सगळे याडी म्हणतात, ऐंशीच्या घरातली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि नजर अशी की खोटं बोलायची सोय नाही. तिच्या सासऱ्यांच्या घरात पूर्वी लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुखभर नेण्याचा धंदा. मी वही काढून तिच्यापुढे मांडी घातली.

"फौजेच्या मांगं आमचे बैल जात," याडी सांगत होती. "हजारोंनी जात, माहा सासरा सांगे. याची फौज, त्याची फौज, आमाले काय? दाना समद्याइले लागते. तांड्याले कोनी लुटत नसे. आज लुटलं तं उद्या कोन आनन?"

माझ्या अंगावर काटा आला. मोगल, निजाम, भोसले, इंग्रज ही सगळी मोठी नावं मी फळ्यावर लिहिते, आणि त्यांच्या खाली ही बाई आणि तिचे बैल. नंतर इंग्रजांना या मातीतला कापूस हवा झाला, त्यासाठी रेल्वे आली, बैल संपले आणि ज्वारीही हळूहळू मागे सरली. राज्य करणाऱ्याला काय पिकलेलं हवं, तेच रानात दिसायला लागतं. मी भराभर लिहीत होते आणि याडी माझ्या पेनकडे बघून हसत होती.

संध्याकाळी पेवाचं तोंड उघडलं. वरची माती काढली, शिळा सरकवली आणि ते तसंच सोडून सगळे घरी गेले. हा इथला नियम आहे. बंद पेवात जीव घेणारी हवा असते, ती जाऊ द्यायची, म्हणून उघडल्या दिवशी कुणी उतरत नाही. मला तर धीरच धरवत नव्हता.

सकाळी सात वाजता अख्खा तांडा कडुनिंबाखाली जमला. नायक खाटेवर बसले होते, उंच, शांत माणूस. प्रल्हादकाकांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. सगळे वाकून बघत होते. ज्योत थरथरली, पण विझली नाही. "हाव, उतर आता," याडी म्हणाली, आणि काका कमरेला दोर बांधून खाली गेले.

पहिली गोणी वर आली. नायकांनी तोंड सोडलं आणि कुबट वास आला. आत ज्वारीच्या गाठी, जाळी धरलेली, आणि सोंडकिडे वळवळत बाहेर पळाले. दुसरी तशीच. तिसरी हातात घेतली तर नुसतं पीठ गळलं. बारा गोण्या वर आल्या आणि बाराही गेलेल्या. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. मी आबांकडे पाहिलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून गोण्यांकडे बघत होते.

"खाली जा," याडी मुलाला म्हणाली. "खालची जवार अजून कोठं काढली?"

गोण्यांच्या खाली सुटी ज्वारी होती. टोपली वर आली आणि मी ओरडलेच! पिवळसर पांढरे, टपोरे दाणे, वास थोडा आंबूस, पेवाचा असतो तसा, पण एक किडा नाही. याडीने दाणा दाढेखाली धरला, कट्ट आवाज आला. बाया पुढे सरसावल्या. टोपल्यांमागून टोपल्या येत राहिल्या.

पण नायक हलले नाहीत. "प्रल्हाद, हे अर्धी सडली कशी?"

काका नुकतेच वर आले होते, घामाने निथळत. त्यांनी आबांकडे पाहिलंच नाही. "पानी शिरलं असन वरून. माहीच चूक, तोंड नीट लिंपलं नाही."

"मंग कसं करता?" नायक म्हणाले. "आता पानी शिरलं तं दरसाल शिरन. अर्ध्या दान्यासाठी पाखरं हाकलाचे, डुकरं राखाचे, हे लोकाईले मी कोन्या तोंडानं सांगू?"

लोक माना डोलवायला लागले. याडी गप्प होती. तिला सगळं माहीत होतं, पण दारी पाहुणा बसलेला, तोही लेकाचा साहेब. आणि प्रल्हादकाका स्वतःची ज्वारी हरायला तयार होते, आबांचं नाव यायला नको म्हणून. पत्राचं अक्षर माझं होतं, पण बोलायचं कुणी हे मला कळत होतं. मला भीती वाटत होती की आबा बोलणार नाहीत. तीस वर्षांचं वाक्य होतं ते त्यांचं.

आबा उठले. गोण्यांपाशी गेले, मग पेवाच्या काठावर गुडघे टेकून बसले. त्या गुडघ्यांवर! हात आत घालून भिंतीचं कडब्याचं अस्तर चाचपलं, एक मूठ उपटून काढली आणि नायकांपुढे धरली.

"हा कडबा बघा. कोरडा ठणठणीत आहे. पाणी शिरलं असतं तर आधी हा कुजला असता. पाणी शिरलेलं नाही. प्रल्हाद खोटं बोलतोय."

"साहेब, राहू द्या न—" काका म्हणाले.

"गप बस." आबांचा फौजी आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. "गोण्या ठेवायला मी सांगितलं. पत्र माझं. दोन गोण्यांच्या मधे हवा राहते आणि हवेवर किडा जगतो, हे मला सुचलं नाही. मी आयुष्यभर गोदामं पाहिली, पेव कधी पाहिलं नाही, तरी सल्ला दिला. जिथं माझं ऐकलं तिथं नासली. जिथं या बाईंचं ऐकलं तिथं टिकली. चूक माझी आहे, नायक. पेवाची नाही."

मग याडी पुढे आली.

"पेव भरलं तवा मी सोता तोंडाशी बसलती," ती नायकांना म्हणाली. "माह्या घरची जवार पयले सुटी टाकली, मंगच गोन्या जाऊ देल्या." मग आबांकडे वळली. "साहेब, गोनी चालाले असते. बसाले पेव असते. तुमची फौज चालते म्हनून तुमाले गोनीच दिसते."

मी ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहिलं. एवढी वर्षं वाचून मला जे जमवता आलं नव्हतं ते तिने ज्वारी निवडता निवडता सांगून टाकलं. देशाची फौज गोण्यांवर चालते, आणि गोणी भरायला आधी कुठल्या तरी रानात काहीतरी साठून राहिलेलं असावं लागतं.

नायकांनी ओंजळभर ज्वारी घेतली, दाणे चावत राहिले, मग म्हणाले, "एवढा मोठा साहेब सांगून राह्यला माही चूक म्हनून. आता मी काय बोलू? पेरा बापा." आणि एकदम गलका झाला. पोरं नासक्या गोण्यांवरून उड्या मारायला लागली, कोंबड्या किड्यांवर तुटून पडल्या, आणि प्रल्हादकाका आबांचा हात धरून नुसते उभे राहिले.

दुपारी त्याच ज्वारीच्या बाट्या झाल्या. बाटी म्हणजे आपली भाकरीच. सोबत वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. भाकरी किंचित आंबट लागते, पहिल्या घासाला नवल वाटतं आणि तिसऱ्या घासाला तीच हवीशी होते. आबांनी चार खाल्ल्या. मी मोजल्या, कारण घरी ते दोनवर थांबतात.

परत येताना आम्ही मुद्दाम पांढरकवड्यावरून गेलो. नागपूर-हैदराबाद महामार्ग तिथून जातो, नागपूरला जाणाऱ्या बसेस भरपूर मिळतात आणि ट्रकवाल्यांच्या धाब्यावर डाळ-रोटी पस्तीस रुपयांत पोटभर. ताडपत्री बांधलेले ट्रक ओळीने उभे होते. आबांनी एका सरदारजी ड्रायव्हरला माल विचारला. "गेहूं, बाबाजी." कुठला, तर पंजाबचा, आणि चाललाय दक्षिणेत. आबांनी ट्रकच्या पाठीमागे जाऊन गोणीवर दोन थापा मारल्या. "चालत्या गोण्या," मला म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

साताऱ्याला येऊन आता तीन महिने झाले. काय उरलं विचाराल तर स्वयंपाकघरात एक पायली ज्वारी आहे, याडीने पदरात बांधून दिलेली. आम्ही ती दळत नाही, पाहुण्यांना दाखवतो. वर्गात लढाई शिकवताना आता मी आधी नकाशावरची काळी माती दाखवते, मग किल्ले. मुलं कुरकुरतात, पण परवा एकीने विचारलं, "बाई, मग जिंकलं कोण, शेतकरी?" तिला मी उत्तर दिलं नाही, शाबासकी दिली.

आषाढात प्रल्हादकाकांचं पत्र आलं. सतरा घरांपैकी चौदा घरांनी ज्वारी पेरली. नायकांचं रान जंगलाला लागून आहे, म्हणून डुकरं राखायला काकांनी फौजेसारख्या पाळ्या लावल्यात, आणि नायक स्वतः पहिल्या पाळीला उभे राहतात. पुढची पिकं कशी येतील ते कुणाला ठाऊक. तिघांनी पुन्हा कापूसच लावला, त्यांची अडचण त्यांना माहीत. खाली याडीचा निरोप होता, "साहेबाले म्हना, पेव झाडून ठेवलं आहे. भराले या. हात हालवत या."

आबा हल्ली सकाळी मैदानावर फिरायला जातात. गेल्या आठवड्यात मीही बरोबर होते. आम्ही बाकावर बसलो होतो, तिथे एक नवे गृहस्थ येऊन उभे राहिले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "सुभेदार, तुम्ही फौजेत काय करायचात?"

मला पुढचं वाक्य पाठ होतं. मी दुसरीकडे बघायला लागले.

"तीस वर्षं रसद सांभाळली," आबा म्हणाले. मग बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. "बारा गोण्या नासवल्या मी. यवतमाळात. बसा, सांगतो."